ठाण्याच्या सावलीत होस्टा: घोडबंदर रस्त्यावरच्या एका सोसायटीचे प्रकरण

पार्श्वभूमी

घोडबंदर रस्त्यालगत, येऊरच्या डोंगराच्या बाजूला असलेली दोन इमारतींची सोसायटी. त्यातल्या एका इमारतीच्या उत्तरेला, भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये १८ मीटर लांब आणि २.२ मीटर रुंद असा पट्टा पडून होता. बिल्डरने तिथे लॉन लावून दिले होते, ते दोन पावसाळ्यांत गेले. मग फुटक्या कुंड्या, उरलेल्या फरश्या आणि कुणाच्या तरी मुलाची गंजकी सायकल एवढाच मुक्काम. पूर्वेच्या टोकाला एक मोठा पर्जन्यवृक्ष आहे. त्याची सावली साधारण अर्ध्या पट्ट्यापर्यंत येते, बाकी सावली इमारतीची.

बागेचे काम पाहणाऱ्या तीन सभासदांच्या गटाला तिथे 'पानांची बाग' करायची होती. फुलांसाठी ऊन नाही, हे सगळ्यांना मान्य होते. एका ताईंनी परदेशातल्या बागांमध्ये झाडांखाली होस्टाचे गुबगुबीत ताटवे पाहिले होते: रुंद, ठळक शिरांची पाने, निळसर, पोपटी, पांढऱ्या काठाची, एकावर एक थर लावल्यासारखी. 'सावलीतल्या झाडांचा राजा' अशी त्याची ख्याती. सावली आपल्याकडे आहेच, मग राजालाच बोलवू, असा हिशोब झाला.

होस्टा मूळचा जपान, कोरिया आणि चीनमधला. जपानीत त्याला गिबोशी म्हणतात, आणि वसंतात फुटणारे त्याचे कोवळे कोंब तिकडे भाजी म्हणून खातात. तिकडचा हिवाळा बर्फाचा, आणि त्या हिवाळ्यात होस्टा जमिनीखाली झोपून असतो. सावली आवडणे आणि हिवाळा लागणे या त्याच्या दोन वेगवेगळ्या गरजा आहेत. खरेदीच्या वेळी चर्चा फक्त पहिलीची झाली.

लागवड आणि पहिले तीन महिने

नोव्हेंबरात ऑनलाइन विक्रेत्याकडून २४ गड्डे मागवले, प्रत्येकी ४२० रुपये. चार वाणांचे सहा-सहा: निळसर पानांचा 'हॅल्सियन', मोठ्या पोपटी पानांचा 'सम अँड सब्स्टन्स', पांढऱ्या काठाचा 'पेट्रियट' आणि सुवासिक फुलांचा, साध्या हिरव्या पानांचा 'रॉयल स्टँडर्ड'. गड्डे कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, गुंडाळून आले. डोळे टणक, अंगठ्याएवढे जाड आणि टोकदार होते. एक गड्डा वाटेतच कुजला होता, बाकी २३ उत्तम.

जागेची तयारीही मनापासून झाली. वरचा डेब्रिजचा थर काढला, ३० सेंटीमीटर खणले, लाल माती, शेणखत आणि कोकोपीट २:१:१ या प्रमाणात भरले. डिसेंबरच्या मध्याला मोबाइलवरच्या अ‍ॅपने प्रकाश मोजला: दुपारी बारा वाजता पूर्वेकडे ६,००० ते ८,००० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक), मध्ये १,५०० ते २,०००, पश्चिमेकडे सुमारे ३,०००. उघड्यावर भर दुपारी एक लाखाच्या आसपास आकडा येतो, त्या मानाने ही चांगलीच सावली. गड्डे ४५ सेंटीमीटर अंतरावर लावले आणि वर सात-आठ सेंटीमीटर पाचोळ्याचे आच्छादन दिले.

जानेवारीत कोंब आले. फेब्रुवारीत पाने उलगडली आणि पट्टा खरोखर चित्रासारखा दिसू लागला. 'सम अँड सब्स्टन्स'ची पाने हाताच्या पंजापेक्षा मोठी झाली. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो फिरले, दुसऱ्या इमारतीनेही असाच पट्टा मागितला, आणि आणखी ४० गड्ड्यांची ऑर्डर द्यायचे जवळजवळ ठरले.

या प्रकरणातला सगळ्यात फसवा टप्पा हाच. हे गड्डे थंड गोदामातून आले होते. लागणारी थंडी त्यांनी तिथेच घेतली होती आणि वर्षभराचे अन्न गड्ड्यात साठवले होते. फेब्रुवारीतली बहार ठाण्याच्या मातीची नव्हती, ती उसनवारीची होती. हिवाळी विश्रांती घेणारा कोणताही कंद किंवा गड्डा पहिल्या हंगामात असाच वागतो. ट्यूलिपचे कंद आणणाऱ्यांनाही दुसऱ्या वर्षी हाच धडा मिळतो.

अडचण

मार्चच्या शेवटी 'हॅल्सियन'चा निळेपणा गेला. तो निळा रंग पानावरच्या मेणाच्या थराचा असतो. उष्णतेने आणि वरून पाणी मारल्याने तो थर निघून जातो आणि खालचे साधे हिरवे पान दिसते. हे फार गंभीर नव्हते. एप्रिलमध्ये पानांच्या कडा तपकिरी, कागदासारख्या झाल्या. गटाने निष्कर्ष काढला की पाणी कमी पडते आहे, आणि दिवसाआड पाण्याऐवजी रोज पाणी सुरू झाले. माळीकाकांचे मत वेगळे होते: "ताई, हात घालून बघा. माती खाली पार चिखल आहे. याला पाणी नको, वारा हवा." त्यांचे ऐकले गेले नाही. पान सुकलेले दिसले की हात पाइपकडे जातो, हे बहुतेकांचे होते.

मेच्या मध्याला पश्चिमेकडची चार झाडे दोन दिवसांत भाजली. मेअखेर १९ उरली.

जूनमध्ये पहिल्या सरींनंतर मधल्या सहा मीटरच्या भागात पाने एकेक करून आडवी पडू लागली. पान वरून हिरवेच, पण नुसते ओढले की देठासकट हातात येई. देठाचा बुंधा मऊ, तपकिरी, आणि त्याभोवती पांढऱ्या बुरशीचे कापसासारखे जाळे. त्या जाळ्यात मोहरीच्या दाण्याएवढे गोल दाणे होते, काही पांढरे, काही पिवळट, काही मोहरीसारखेच तपकिरी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते कसल्यातरी खताचे दाणे वाटतात. भुईमूग करणारा शेतकरी मात्र ते लगेच ओळखेल.

त्याच सुमारास शंखी गोगलगाई आल्या. ठाणे-मुंबईत पावसाळ्यात सर्वत्र दिसणारी ही मोठी आफ्रिकी गोगलगाय रात्रीत पानाची चाळण करते. बिनशंखाच्या लहान गोगलगाई वेगळ्याच. ऑगस्टच्या शेवटी २३ पैकी १० झाडे उरली, त्यातली सहा 'रॉयल स्टँडर्ड'.

निदान

सप्टेंबरात नीट बसून कारणे शोधली, तेव्हा ती एकावर एक रचलेली निघाली.

पहिले कारण सावलीच्या मोजमापात होते. मोजणी डिसेंबरातली. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि इमारतीची सावली उत्तरेला लांबवर पडते. ठाण्याचे अक्षांश सुमारे १९.२ अंश उत्तर. मेच्या मध्याला इथे शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो, आणि त्यानंतर जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शिवाय मार्च ते सप्टेंबर तो उगवतो आणि मावळतोही उत्तरेकडे सरकून. म्हणजे बारमाही सावली म्हणून धरलेल्या या पट्ट्याच्या पश्चिम टोकाला, जिथे पर्जन्यवृक्षाचे छत्र पोचत नाही, मे महिन्यात दुपारी थेट ऊन आणि संध्याकाळी तिरपे ऊन पडत होते. चार झाडे भाजली ती तिथलीच. उत्तरेच्या भिंतीजवळ बाग करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. नर्सरीवाला सहसा सांगत नाही.

दुसरे कारण वर होते. मधल्या सहा मीटरवर पाच फ्लॅटच्या एसीचे पाणी ठिबकत होते. एप्रिल ते जून हे एसी दिवसरात्र चालतात. ते पाणी क्षारहीन असल्याने तसे अपायकारक नाही, पण एकाच जागी अखंड पडणारी धार गड्ड्याचा माथा कधी सुकूच देत नाही. त्यात रोजच्या पाण्याची भर. कुजण्याचा नकाशा आणि एसीच्या पाइपांचा नकाशा एकमेकांवर ठेवला तर तंतोतंत जुळत होता.

तिसरे आच्छादन. पाचोळा अर्धवट कुजलेला होता आणि थेट गड्ड्याच्या माथ्यावर लोटलेला. मोहरीच्या दाण्यांची ती बुरशी, स्क्लेरोशियम रॉल्फ्साय, जमिनीच्या अगदी वरच्या थरात, उष्ण आणि ओल्या हवेत वाढते आणि अशा अर्धकच्च्या पाचोळ्यावर पोसली जाते. तिथून ती देठात शिरते. तिचे दाणे मातीत काही वर्षे जिवंत राहतात.

ही तिन्ही कारणे आणि गोगलगाई आटोक्यात आणता येण्यासारख्या होत्या. चौथे कारण तसे नव्हते. होस्टाला हिवाळ्यात साधारण चार ते सहा आठवडे ५ अंशांखालची थंडी लागते. ती मिळाली तरच पुढच्या हंगामात दमदार डोळे फुटतात. ठाण्यात जानेवारीच्या गारठ्यातही पहाटेचे तापमान १५ अंशांच्या आसपास. महाबळेश्वरलाही महिनाभर सलग ५ अंशांखाली पारा राहत नाही. थंडी न मिळालेला होस्टा लगेच मरत नाही. तो झोपत नाही आणि नीट उठतही नाही. उबदार रात्री श्वसनात साठा खर्च करत राहतो आणि दरवर्षी आदल्या वर्षापेक्षा लहान होतो.

समोर असलेले पर्याय

ऑक्टोबरच्या कमिटीच्या बैठकीत चार प्रस्ताव आले.

पर्जन्यवृक्षाच्या फांद्या छाटून उजेड वाढवावा, हा पहिला. तो पटकन बाजूला पडला. महापालिका हद्दीत झाड छाटायला १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्षसंरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आणि मुळात अडचण उजेड कमी असण्याची नव्हतीच. ते छत्र होते म्हणून पूर्वेकडची झाडे वाचली होती.

दुसरा: पेव्हर ब्लॉक टाकून दोन गाड्यांचे पार्किंग करावे. याला पाठिंबा चांगला होता, हे नमूद करायला हवे. पहिल्या अपयशानंतर बागेची जागा पार्किंगला जाते, ही सोसायट्यांमधली नेहमीची गोष्ट. इथे पट्टा २.२ मीटरच रुंद निघाला. गाडी मावली असती, दार उघडले नसते. बाग वाचली ती या मोजमापामुळे.

तिसरा: दरवर्षी हिवाळ्यात गड्डे काढून फ्रिजमध्ये ठेवावेत. ताईंचा आग्रह यासाठी होता आणि तो अगदीच अव्यवहार्य नव्हता. दहा गड्ड्यांसाठी जमेल, पण चाळीस चौरस मीटरच्या पट्ट्याला शंभरेक झाडे लागतात. एवढे गड्डे कुणाच्या फ्रिजमध्ये?

चौथा: होस्टा सोडून सावलीतली उष्ण प्रदेशातली झाडे लावावीत. यावर आक्षेप असा की मग बाग 'कुठल्याही बँकेच्या लॉबीसारखी' दिसेल. आक्षेप रास्त होता, आणि त्यातूनच चर्चेतला सर्वात उपयोगी प्रश्न निघाला: होस्टातले नक्की काय हवे आहे? उत्तरात तीन गोष्टी आल्या. जमिनीलगत पसरणारा गुबगुबीत पुंजका. रुंद, ठळक शिरांचे, नक्षीचे पान. आणि काही महिने गायब होऊन पुन्हा उगवण्याची गंमत.

या तिन्ही गोष्टी देणारे एक कुळ आपल्याकडे आहे: हळद-आल्याचे. भुईचाफा, म्हणजे केम्फेरिया, त्यातलाच. अमेरिकेच्या उष्ण दक्षिण भागात, जिथे होस्टा टिकत नाही, तिथले बागकामवाले केम्फेरियालाच 'दक्षिणेचा होस्टा' म्हणतात. म्हणजे ज्याची नक्कल शोधायला परदेश पालथा घातला, ते झाड जुन्या परसदारी होतेच.

निर्णय दोन भागांत झाला. उरलेल्या दहा गड्ड्यांवर एक हिवाळा प्रयोग करून तिसऱ्या पर्यायाचा निकाल लावायचा, आणि तोवर माती दुरुस्त करायची. लागवड काहीही असली तरी ती बुरशी आणि ते एसीचे पाणी तिथेच राहणार होते, म्हणून हा क्रम योग्य होता.

काय केले

थंडीचा प्रयोग

पाच गड्डे जमिनीत ठेवले, पाच काढले. दोन्ही गटांत तीन 'रॉयल स्टँडर्ड' आणि दोन इतर. काढायच्या पाचांचे पाणी १५ नोव्हेंबरपासून कमी करत नेले. पाने पूर्ण पिवळी पडली नाहीत. इथे ती आपोआप पडत नाहीत. डिसेंबरच्या मध्याला पाने पाच सेंटीमीटर ठेवून कापली, गड्डे धुतले, मँकोझेब या बुरशीनाशकाच्या २ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात १५ मिनिटे बुडवले आणि सावलीत एक दिवस सुकवले. मग जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये, भोके पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये आठ आठवडे.

इथे दोन गोष्टी चुकतात. भाजीचा कप्पा बहुधा ७-८ अंशांवर असतो. गड्डे मधल्या फळीवर, मागच्या बाजूला, थर्मामीटरने ३ ते ४ अंश पाहून ठेवावे लागतात. आणि त्याच फ्रिजमध्ये सफरचंद किंवा पिकलेली केळी असली तर त्यांच्या इथिलीन वायूने डोळे मरू शकतात. पहिल्या आठवड्यात सफरचंदे होतीच. लक्षात आल्यावर त्यांची जागा बदलली. कोकोपीट मुठीत दाबले तर थेंबही पडू नये, एवढीच ओल हवी.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हे पाच गड्डे १२ इंची कुंड्यांत लावले. चार फुटले, एक कुजला. फुटलेल्या चारांना पाच ते आठ पाने आली, पहिल्या वर्षापेक्षा थोडी लहान. जमिनीतल्या पाचांची अवस्था वेगळी होती. जानेवारीत माती बाजूला करून पाहिले तर डोळे पेन्सिलीच्या शिशाएवढे बारीक. प्रत्येकाला दोन-तीन पाने आली, चमच्याएवढी. मेअखेर त्यातले दोन जिवंत होते.

पाच विरुद्ध पाच हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. तरी वाद मिटायला तो पुरला.

पाणी आणि माती

आधी एसीचे पाणी. पाच पाइप एका आडव्या पीव्हीसी पाइपात जोडून तो पूर्वेच्या टोकाला २०० लिटरच्या झाकणबंद ड्रममध्ये सोडला. हेच पाणी आता झारीने बागेला वापरतात. सभासदांची संमती मिळवायला तीन आठवडे लागले, प्लंबरला एक दिवस.

मग बुरशीचा भाग. मोकळ्या शेतात उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिक अंथरून माती तापवतात, त्याने असे रोग कमी होतात. सावलीत ऊन नाही, म्हणून हा उपाय बाद. त्यामुळे मधल्या सहा मीटरमधली वरची २० सेंटीमीटर माती काढूनच टाकली. हे सुमारे अडीच घनमीटर, म्हणजे छोटा टेम्पो. ती माती सोसायटीच्या कंपोस्टमध्ये किंवा दुसऱ्या कुंड्यांत जाऊ दिली नाही. खुरपी आणि फावडी धुऊनच पुढच्या भागात वापरली.

नवी माती: लाल माती ४ घमेली, पूर्ण कुजलेले कंपोस्ट २, विटांचा जाडा चुरा १, कोकोपीट १. पहिल्या वेळी चुरा नव्हता आणि कोकोपीट दुप्पट होते. ठाण्याच्या पावसात कोकोपीट स्पंजासारखे पाणी धरून बसते, हे तेव्हा ध्यानात आले नाही. प्रत्येक चौरस मीटरला २५० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळली. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) १ किलो, ५० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या गोणपाटाखाली दहा दिवस ठेवले, मग वरच्या १० सेंटीमीटरमध्ये कालवले. वाफा जमिनीपासून १५ सेंटीमीटर उंच केला, कंपाउंडकडे हलका उतार दिला. आच्छादन आता तीन सेंटीमीटर, पूर्ण कुजलेल्या पानखताचे, आणि झाडाच्या बुंध्यापासून चार बोटे लांब.

लागवड

मेच्या शेवटच्या आठवड्यात रंगीत पानांचे कॅलेडियम आणि भुईचाफा, बाकी जूनमध्ये पहिल्या पावसानंतर.

मागे, भिंतीकडे, पूर्वेच्या उजळ भागात सोनटक्का ५० सेंटीमीटरवर आणि त्याच्या पुढे पेव ६० सेंटीमीटरवर. मधल्या दाट सावलीत अ‍ॅग्लोनेमाचे चंदेरी वाण ४० सेंटीमीटरवर, ३० रोपे. हा बागेचा बारमाही सांगाडा, आणि दोन हजार लक्समध्येही तो तगतो. तांबडे अ‍ॅग्लोनेमा घेतले नाहीत. त्यांना उजेड जास्त लागतो, कमी पडला की रंग मळकट होतो.

पुढच्या रांगेत भुईचाफ्याचे ४० कंद, २५ सेंटीमीटरवर, ५ सेंटीमीटर खोल. त्याच्या पानावर चंदेरी नक्षी असते आणि मागची बाजू जांभळी. वैशाखात पाने नसताना थेट जमिनीतून जांभळट-पांढरी सुगंधी फुले येतात, आणि फुले सरल्यावर पाने. मधल्या फटींत कॅलेडियमचे २५ कंद. काठाला ऑफिओपोगॉनची गवतासारखी किनार. पश्चिमेच्या ज्या टोकाला मे महिन्यात ऊन लागते तिथे स्पायडर लिली. तिला ऊन-सावली दोन्ही चालते.

खत म्हणून जून ते सप्टेंबर दर तीन आठवड्यांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले विरघळणारे खत), २ ग्रॅम प्रति लिटर. सोनटक्का आणि पेव यांना जुलैत मूठभर कंपोस्ट जास्त.

गोगलगाई

गोगलगाई मारणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचा प्रस्ताव आला आणि फेटाळला गेला. आवारात भटकी कुत्री आणि मांजरे आहेत, आणि या गोळ्या त्यांनाही मारक. त्याऐवजी पहिल्या पावसापासून तीन आठवडे रात्री साडेआठ ते साडेनऊ टॉर्च घेऊन वेचणी. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी वाफ्यालगत टाकायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई मिठाच्या दाट पाण्यात. हातमोजे सक्तीचे, कारण या गोगलगाईंमधून मेंदूज्वर करणारा जंत माणसात येऊ शकतो. पहिल्या रात्री ६४ निघाल्या, तिसऱ्या आठवड्यात रात्री पाच-सात. कंपाउंडच्या कडेने १० सेंटीमीटर चुन्याचा पट्टाही मारला, पण पाऊस आला की तो वाहून जातो. ऑक्टोबरनंतरच त्याचा उपयोग.

निकाल

पहिल्या पावसाळ्यात अ‍ॅग्लोनेमाची ३० पैकी २८ रोपे टिकली. भुईचाफा ४० पैकी ३६. कॅलेडियमने जुलै-ऑगस्टमध्ये सर्वाधिक कौतुक मिळवले, पण सहा कंद त्याच बुरशीने गेले. म्हणजे काही दाणे उरले होतेच. त्या जागची माती पुन्हा काढली आणि तिथे दोन वर्षे कॅलेडियम न लावता ऑफिओपोगॉन वाढवले.

सोनटक्का वाढला, पण फुले अपेक्षेपेक्षा कमी. आठ हजार लक्स त्याला पुरत नाहीत. पानांसाठी ठेवला आहे.

एक अपघातही झाला. भुईचाफा नोव्हेंबरात पिवळा पडून जमिनीखाली गेला. जानेवारीत नव्याने आलेल्या मदतनीसाने मोकळी दिसणारी जागा खणून तिथे सिंगोनियम लावले आणि अकरा कंद कुदळीने कापले गेले. आता नोव्हेंबरात पाने कापतानाच प्रत्येक पुंजक्याशी रंगवलेली बांबूची खुंटी ठोकतात.

होस्टाचे काय? कुंड्यांमधली चार झाडे ताईंनी घरी नेली. दर डिसेंबरात त्यांचा फ्रिजचा मुक्काम होतो आणि फेब्रुवारी ते मेच्या सुरुवातीपर्यंत ती उत्तम दिसतात. नंतर पावसाळाभर ती गॅलरीत, छपराखाली, जेमतेम. दोन वर्षांनंतर तीन उरली आहेत, तिन्ही 'रॉयल स्टँडर्ड'. त्याच्या रक्तात दक्षिण चीनमधला होस्टा प्लँटाजिनिया आहे आणि उष्णता सोसण्यात तो सगळ्यांत वरचढ. तरीही थंडीची सूट त्यालाही नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिला निर्णयबिंदू खरेदीचा. झाड घेण्याआधी त्याच्या गावचा हिवाळा आणि रात्रीचे तापमान पाहिले असते तर दहा हजार रुपये वाचले असते. बरीच माहिती 'सावली की ऊन' या एकाच मापात झाडे बसवते आणि लेबलवरही तेच छापलेले असते. शिवाय गड्डे परदेशातून येत असतील तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. विक्रेत्याकडे त्याची विचारणा झाली नव्हती. होस्टाला एक स्वतःचा विषाणूरोग आहे, त्यावर औषध नाही, आणि तो बाधित गड्ड्यांतून आणि कापणीच्या अवजारांना लागलेल्या रसातून पसरतो. 'निळ्या होस्टाचे बी' म्हणून जे विकले जाते त्यापासूनही लांब राहावे. रंगीत वाण बियांपासून आईसारखे निपजत नाहीत.

दुसरा फेब्रुवारीतला. तेव्हा ४० गड्ड्यांची दुसरी ऑर्डर थांबली ती केवळ बिल मंजूर व्हायला उशीर झाला म्हणून. नवीन झाडाला एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक मे महिना आणि एक जुलै महिना, दाखवल्याशिवाय संख्या वाढवू नये. २४ ऐवजी चार गड्ड्यांनीही हीच माहिती मिळाली असती.

तिसरा एप्रिलचा. पानाची कड सुकली की आधी मातीत दोन बोटे घालून पाहायचे आणि मग पाण्याचा निर्णय घ्यायचा. माळीकाका हेच सांगत होते. रोजचे पाणी सुरू केले नसते तर मधल्या भागातले किमान काही गड्डे बुरशीच्या तडाख्यातून निसटले असते.

सावलीची मोजणी चार वेळा व्हायला हवी होती: डिसेंबर, मार्च, मेचा मध्य आणि जुलै. त्याला अ‍ॅपही लागत नाही. मे महिन्यात एका रविवारी सकाळी सात, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी पाचला जमिनीवर खडूने उन्हाची कड आखली तरी भागते. दुसऱ्या इमारतीच्या पट्ट्याची आखणी या वर्षी अशीच झाली. तिथे उत्तरेची भिंत तीच, पण झाड एकही नाही, त्यामुळे खडूची रेघ वाफ्याच्या पार मध्यापर्यंत आली. तिथली लागवड पुढच्या जूनवर ढकलली आहे. तोवर कडेला दोन करंजाची रोपे लावली आहेत.